जुन्या ट्रकला कायद्यात जागा हवी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या जतनासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. २०,००० रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी, पुढच्या खेपेला ५,००० रुपये. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. नियम शहाणपणाचा आहे. त्याच्यामुळे कितीतरी जुन्या मोटारी आणि मोटारसायकली भंगारात जाण्यापासून वाचतील.

पण त्यातली व्याख्या नीट वाचली की एक गोष्ट खटकते. तिच्यात दुचाकी बसते, खासगी मोटार बसते. ट्रक बसत नाही. बसही बसत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेलेली एसटीची पहिली बेडफोर्ड उद्या एखाद्या शेडमध्ये जशीच्या तशी सापडली, तरी तिला हा मान मिळणार नाही. त्याच वर्षी एखाद्या संस्थानिकाने हौसेने मागवलेली मोटार मात्र देशाचा ठेवा ठरेल.

माल आणि माणसं वाहणाऱ्या अवजड गाड्यांनाही वारशाच्या कायद्यात जागा मिळाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती देताना मोटारीचं माप ट्रकला लावून चालणार नाही. ट्रक आयुष्यभर राबलेला असतो, हे लक्षात घेऊन त्याचे निकष ठरवावे लागतील.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते आधी पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी, म्हणजे मर्सिडीजवाल्यांशी, करार केला आणि ते वर्ष सरायच्या आत जमशेदपूरमध्ये पहिला ट्रक तयार झाला. करार पंधरा वर्षं चालला. १९६९ मध्ये तो संपल्यावर ट्रकच्या नाकावरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथे टाटांचं ‘टी’ आलं. मद्रासकडे अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. लष्करासाठी १९५९ पासून जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला, तो जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या ज्या कारखान्यात पहिल्यांदा यशस्वी झालं, त्याच कारखान्याच्या वंशातली ही कंपनी. म्हणजे डिझेल इंजिनाच्या मूळ घराण्याची एक शाखा जबलपूरला येऊन रुजली होती आणि आपल्या सैन्याने ती कित्येक दशकं सीमेवर वापरली.

पुण्याचा या इतिहासातला वाटा फार मोठा. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स, मग टेल्कोचा पिंपरी-चिंचवडचा कारखाना आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले शेकडो लहानमोठे सुट्या भागांचे कारखाने. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे. डिझेल इंजिन समजून घेणारी, घडवणारी, दुरुस्त करणारी माणसं एवढ्या संख्येने देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील.

आणि या ट्रकांनी वाहिलं काय? लासलगावचा कांदा, जळगावची केळी, सोलापूरच्या चादरी, कोकणातला जांभा. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, गावोगावच्या रेशन दुकानांपर्यंत पोचला तो शेवटी ट्रकच्याच पाठीवरून. हमरस्त्यावरचं आयुष्य संपलेला ट्रक आपल्याकडे लगेच मरत नाही. तो उसाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत दिसतो, विटा आणि मुरूम वाहतो, पाठीवर टाकी बसवून घेऊन मराठवाड्यातल्या वाडीवस्तीला उन्हाळाभर पाणी पाजतो. गोव्यात डिचोली-सांगेच्या खाणींपासून नदीकाठच्या जेटींपर्यंत खनिज नेणाऱ्या टिपरांच्या रांगांवर गावंच्या गावं जगली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ते टिपर दारादारांत उभे राहून गंजले. तिथलं एका पिढीचं सुखदुःख त्या गाड्यांना चिकटलेलं आहे. उद्या कुणाला गोव्यातल्या खाणकामाचा इतिहास मांडायचा झाला, तर त्यातला एक तरी टिपर दाखवायला शिल्लक नको का?

जुन्या ट्रकचं आपल्याकडे कौतुक होतं ते बहुतेक फाळक्यावरच्या रंगकामाचं. मोर, कमळं, शायरी यांचे फोटो खूप निघतात. मला त्याचं वावडं नाही. पण त्या रंगाच्या पुढे, बॉनेटखाली जे आहे त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

टाटाचं ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), यावरून हा आकडा. स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८ मिलिमीटर, एकूण घनफळ सुमारे ५.७ लिटर. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनावर ते बेतलेलं. बारा-दहा, सोळा-बारा अशा नावांनी ड्रायव्हर ज्या गाड्या ओळखतात, त्यातल्या असंख्य गाड्या याच घराण्यातल्या इंजिनांवर चालल्या. नावातला पहिला आकडा भरलेल्या गाडीचं टनांतलं वजन सांगतो, दुसऱ्यावरून अश्वशक्तीचा अंदाज येतो. सोळा टनांची भरलेली गाडी खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढते ती सुमारे १२० अश्वशक्तीवर. आजच्या बऱ्याच खासगी मोटारींची ताकद तेवढी असते. फरक आहे तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या ओढीचा. हे इंजिन घाई करत नाही. लहान गिअरमध्ये, एका लयीत, तासभर तो भार ओढत राहतं.

त्याचं काम समजून घ्यायला संगणक लागत नाही. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन साधारण सतरापट दाबतो. ती इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ठिणगी लागत नाही, म्हणून प्लग नाही, कॉइल नाही. डिझेल किती आणि नेमकं कधी फवारायचं, हे सगळं बाजूला बसवलेला पंप ठरवतो. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक एलिमेंट (डिझेल ढकलणारा छोटा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, आणि त्याची नळी) असतो, खाली कॅमशाफ्ट, मागे इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर. डिझेल फवारणारा नोझल साधारण २०० बार, म्हणजे हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाला उघडतो. इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. बॅटरी काढून घेतली तरी ते चालत राहतं. थांबवायचं तर केबल ओढून डिझेल तोडावं लागतं. सेल्फ गेला असेल तर उतारावर गाडी सोडून गिअर टाकला की झालं. डिझेलमध्ये हवा धरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताने प्रायमर मारत राहायचा आणि बुडबुडे थांबले की स्क्रू कसायचा. क्लीनर म्हणून गाडीवर आलेला मुलगा बहुधा सगळ्यात आधी हेच शिकतो.

अशा इंजिनाच्या देखभालीला शिस्त लागते. थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट गेजने मोजून ठेवायची. हवेचा फिल्टर वेळेवर साफ करायचा. पाटे, किंगपिन, जॉइंट यांना ग्रीस चुकवायचं नाही. इंजिनाचे हे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे बसून मी त्यांचं काम पाहिलं आहे. बाकी गॅरेज तेलाने काळं असलं तरी पंपाची खोली स्वच्छ असते. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, कारण धुळीचा एक कणही प्लंजरवर ओरखडा पाडतो. बेंचवर पंप बांधतात, फिरवतात, आणि सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडू लागतं. सहाही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे. एकीत किंचित जास्त दिसलं की तो माणूस पंप थांबवतो, त्या एलिमेंटची सेटिंग केसभर हलवतो आणि पुन्हा पाहतो. नोझल तपासताना हाताने दांडा दाबत तो फवारा बघतो, पण कानही लावतो. चांगला नोझल फवारताना बारीक करकरतो. जो नुसती धार सोडतो, त्याच्या सिलिंडरमधून धूर येणार. हे ज्ञान पुस्तकात आहे, नाही असं नाही. पण किती करकर पुरे, हे कानाला कळावं लागतं, आणि तो कान वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून तयार होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे लोक एका रस्त्यावर भेटतात. क्रँक ग्राइंड करणारे, बोअर मारणारे, हेड प्लेन करणारे, पाट्यांना बाक देणारे. जुना भाग मिळत नसेल तर लेथवर नवा करून देणारे. २०२० पासून रस्त्यावर आलेल्या बीएस-६ (धुराच्या कडक मापदंडाच्या) गाड्यांवर त्यांचं हे कसब जवळजवळ चालत नाही. सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणारी कॉमन रेल, १६०० बारच्याही वरचे दाब, इंजिन चालवणारा संगणक म्हणजे ईसीयू, धुरातल्या कणांसाठी फिल्टर, धूर शुद्ध करणाऱ्या युरियाची टाकी. दोष शोधायचा तर कंपनीचा स्कॅनर हवा. नव्या गाड्यांमुळे हवा स्वच्छ राहते आणि ड्रायव्हरचं शरीर कमी झिजतं, हे मला पूर्ण मान्य आहे. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती फार आधीच व्हायला हवी होती. जुन्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाशी घेऊन मे महिन्यात विदर्भातून गाडी हाणणाऱ्या माणसाचे हाल विसरून जुन्या ट्रकचं कौतुक करणं मला जमत नाही. पण नवी गाडी बरी आहे म्हणून जुनी समूळ पुसून टाकावी, हे त्यातून निघत नाही.

आता धुराचा मुद्दा. तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचं जाहीर केलं. जुनं यांत्रिक इंजिन नव्याच्या तुलनेत काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स कितीतरी जास्त सोडतं, आणि कितीही चांगली देखभाल केली तरी ते बीएस-६ होणार नाही. म्हणून शहरांतून, रोजच्या वाहतुकीतून जुने ट्रक बाजूला काढण्याला माझा विरोध नाही. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, त्यामागे तिथल्या मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न होता.

पण धंद्यावर चालणारा खिळखिळा ट्रक आणि जतन केलेला ट्रक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला वर्षाला हजारो किलोमीटर धावतो, अनेकदा कागदावरच्यापेक्षा जास्त भार घेऊन. तो भार ओढावा म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं असतं, आणि जाळायला पुरेशी हवा नसल्याने ते काळा धूर होऊन बाहेर पडतं. निळा धूर दिसला तर इंजिन तेल खातं आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपल्या. थंडीत पांढरा दिसला तर डिझेल न जळता बाहेर येतं आहे. यातलं बरंचसं निगा न राखल्याने होतं, आणि वेळेवर निगा राखली तर आटोक्यात येतं. जतन केलेला ट्रक रिकामा असतो, वर्षातून मोजक्या वेळा निघतो आणि त्याचा मालक पंपाच्या सेटिंगबद्दल जिवापाड काळजी घेतो. व्हिंटेज मोटारींना आज जे निर्बंध आहेत, तेच ट्रकला लावा. माल नाही, भाडं नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती. शहराच्या मधल्या भागात वर्दळीच्या वेळी बंदी घाला. एवढ्याने शहराच्या हवेवर जो परिणाम होईल, तो नगण्य असेल.

आज असा ट्रक ठेवू पाहणाऱ्याची अडचण काय होते, ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्राशिवाय मालवाहू गाडीची नोंदणी वैध धरली जात नाही. आठ वर्षांनंतर हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं. २०२१ च्या अधिसूचनेने पंधरा वर्षांवरच्या अवजड गाडीसाठी त्याचं शुल्क १२,५०० रुपये ठेवलं. माल वाहून जुना ट्रक वापरात ठेवणाऱ्याला परावृत्त करणं हा त्यामागचा हेतू, आणि धंद्यापुरता तो समजण्यासारखा आहे. पण जो माणूस एक किलोही माल नेणार नाही, त्यालाही हीच वाट. २०२१ च्या दरांनी मोटारवाल्याला दहा वर्षांसाठी २०,००० आणि ट्रकवाल्याला एका वर्षासाठी १२,५००, शिवाय मालवाहू गाडीचा कर. हौस असलेला साधा माणूस दोन-तीन वर्षांत हात टेकतो. गाडी स्क्रॅप केली तर नव्या ट्रकच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. जतन केली तर पदरात काहीच पडत नाही.

नुसतं ‘मोटारी’च्या पुढे ‘आणि ट्रक’ असं लिहून मात्र भागणार नाही. सध्याच्या नियमात गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मोटारीला ती शोभते. ट्रकच्या बाबतीत ती अडेल. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून निघायचा तो बहुतेकदा चासी (चाकांसह सांगाडा) आणि पुढचा काउल (बॉनेटचा पत्रा) एवढाच. लाकडी केबिन आणि हौदा बांधायचे ते गावोगावचे बॉडीबिल्डर. ती केबिन आयुष्यात दोन-तीनदा तरी बदलली जाते. इंजिन कित्येकदा बांधलं जातं. टँकरचा टिपर होतो, टिपरचा ऊसवाहू होतो. या बदलांत त्या गाडीच्या कष्टाचा इतिहास आहे, त्यांना दोष मानलं तर एकही ट्रक पात्र ठरणार नाही. म्हणून ट्रकसाठी मूळपणाची कसोटी वेगळी हवी. चासीचा क्रमांक खरा असावा, इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच मालिकेतले असावेत, आणि केबिन त्या काळात त्या भागात जशी बांधत तशी असावी.

वयाची अटही पन्नासावरून तीसवर आणावी. मोटार गॅरेजमध्ये झाकून ठेवता येते, म्हणून ती पन्नास वर्षं टिकते. ट्रकला पोट भरण्यासाठी धावावं लागतं. पन्नास वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबलो तर १९९० च्या दशकातली सोळा-बारा किंवा सोळा-तेरा एकही उरणार नाही, इतक्या वेगाने त्या आता कापल्या जात आहेत. जर्मनीत ऐतिहासिक वाहनाची खास नंबरप्लेट तिसाव्या वर्षी मिळते आणि ती ट्रकलाही मिळते. ब्रिटनमध्ये जुन्या व्यापारी वाहनांची लंडन ते ब्रायटन ही मिरवणूक १९६२ पासून निघते. दुधाच्या, कोळशाच्या गाड्या, डबलडेकर बस, अग्निशमनाचे बंब, सगळे त्यात धावतात. ज्या देशांनी हवेचे नियम आपल्या आधी कडक केले, त्यांनीच ही जागा राखून ठेवली आहे.

अग्निशमनाच्या बंबांचा प्रश्न तर आपल्याकडे तातडीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि राज्य परिवहनाच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. एखाद्या लहान नगरपालिकेचा बंब पंधरा वर्षांत किती धावलेला असतो? वर्षातल्या थोड्या आगी आणि सकाळची इंजिन तापवण्याची फेरी. त्याचं इंजिन अजून तरुण असतं. तो कामावरून काढायचा असेल तर काढा, पण तोडण्याआधी जवळच्या आयटीआयला द्या. ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम राज्यभरच्या आयटीआयमध्ये चालतो. हाताने उघडता येणारं, पंपाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दाखवणारं इंजिन ज्याने आधी नीट समजून घेतलं, त्याला नंतर स्कॅनरवरचा दोषाचा क्रमांकही जास्त कळतो. आणि शिकवायला निवृत्त मिस्त्री बोलवा. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांतून निवृत्त झालेल्या माणसांनी जेवढी इंजिनं बांधली असतील, तेवढी कुठल्या प्राध्यापकाने पाहिलीही नसतील. त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून मानधनाची फाइल अडते, हे थांबवणं राज्य सरकारच्या हातात आहे.

केंद्राने व्याख्या बदलेपर्यंत महाराष्ट्र आणि गोव्याच्या परिवहन खात्यांना एक काम लगेच करता येईल. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात तीस वर्षांवरचा ट्रक, बस किंवा बंब आला की तो कापण्याआधी तीस दिवस त्याची माहिती संकेतस्थळावर टाकावी: बनावट, साल, इंजिनाची मालिका, चार बाजूंचे फोटो. त्या मुदतीत एखादं संग्रहालय, आयटीआय, साखर कारखाना किंवा हौशी माणूस भंगाराच्या भावाने ती गाडी मागू शकला पाहिजे, आणि न चालणारी प्रदर्शनीय वस्तू म्हणून तिची नोंद करून ती त्याच्या ताब्यात दिली गेली पाहिजे. कुणीच मागितली नाही, तर एकतिसाव्या दिवशी केंद्राने ती खुशाल कापावी.